दक्षिणेला पडलेली सावली

हर्णैच्या बंदरात आगबोटीकडे नेणाऱ्या मचव्यात मी पाय टाकला, तेव्हा माझे वडील, आप्पा, रडले नाहीत. माझ्या करवत-रंध्याच्या पेटीला हात लावून एवढंच म्हणाले, "पत्रात खोटं लिहू नकोस." केळशीकरांनो, कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्यातला एक जण आफ्रिकेला म्हणून निघाला आणि गिरगावात दुसरा संसार मांडून बसलेला सापडला. माझी बायको द्वारका मागे उभी होती. वर्षभरात बोलावून घेईन, असा तिला शब्द दिला होता.

डर्बनला पहिलंच काम मिळालं ते एका व्यापाऱ्याच्या घराला पडवी काढायचं. आप्पांनी शिकवलेलं, "उन्हाची बाजू दक्षिण, तिकडे छप्पर लांब सोड." सोडलं. तर भर दुपारी मालक बोट दाखवतो: पडवीत ऊन नाहीच, आणि उत्तरेच्या खिडक्यांतून घरभर ऊन! मला वाटलं, हा दिशा फिरवून मला बनवतोय. दुसऱ्या दिवशी कामधाम सोडून पहाटेपासून पाळत ठेवली. सूर्य उगवला पूर्वेलाच, पण चढला तो उत्तरेच्या अंगाने. मेला सूर्यच उलटा! पडवी उतरवून पुन्हा बांधली.

हे सगळं मी हौसेने घरी लिहिलं. मार्गशीर्षात घामाच्या धारा आणि आषाढात गोधडी, हेही लिहिलं. आप्पांचं उत्तर आलं, "कोणाला शेंडी लावतोस? थंडीत उकडतं म्हणे! आफ्रिकेचं तिकीट लावलेलं पत्र काय, कुठलाही खलाशी तिथून टाकेल. तू मुंबईतच आहेस. सुनेला पाठवणार नाही."

बापच असं म्हणतो म्हटल्यावर जीव नुसता जळला. द्वारका तिकडे काय ऐकून घेत असेल!

शेजारच्या खोलीत एक मद्रासी मास्तर राहायचे. त्यांनी नारळात सळई खुपसली, ती तिरकी धरली आणि कल न बदलता नारळ चिमणीभोवती फिरवला. इकडे असताना वरचं अंग दिव्याकडे झुकलेलं, पलीकडे गेला की खालचं. "वरच्या अंगाला तुमचं गाव, खालच्या अंगाला आपण. म्हणून त्यांचा उन्हाळा तो आपला हिवाळा."

"पण तिरका तुम्हीच धरलात ना?" मी म्हटलं.

ते हसले. "मग वडिलांनाच बघू दे. मे सरताना तुमच्या गावातही दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. मग इतक्या दक्षिणेला आल्यावर तो बाराही महिने उत्तरेलाच दिसणार, हे त्यांना पटेल."

तेच लिहून कळवलं: अंगणात पुरुषभर काठी रोवा आणि मे सरताना भर दुपारी सावली बघा. मग टपालाची वाट बघत बसलो. मास्तर चुकले असते तर माझा संसार गेलाच होता.

आप्पांनी लिहिलं, "काठी तीनदा ओळंबा लावून तपासली. सावली चार बोटं, दक्षिणेला. इतकी घरं बांधली, पण त्या दिवसांत आम्ही पावसाआधी छपरांच्या शाकारणीच्या घाईत, सावली कोण बघतो? सून दिवाळीनंतर निघेल. बाकीचं खरं की खोटं, ते ती येऊन कळवेल."

द्वारका आली. तिच्या पहिल्या पत्राने सुद्धा आप्पांचं समाधान झालं नाही.

आता मला इथलंच पाणी मानवतं. दुपारची माझी सावली बाराही महिने दक्षिणेला पडते, तुमची बहुतेक वर्ष उत्तरेला. मे सरताना मात्र तुमचीही इकडे वळते. त्या दिवसांत मी दुपारी रंधा खाली ठेवतो आणि उन्हात जाऊन उभा राहतो. केळशीच्या अंगणात आप्पा दर वर्षी काठी रोवतात, मी खोटं तर बोललो नाही ना, हे बघायला. माझं घर म्हणजे ती चार बोटं.