अक्काने उचललेला हात

काल बायको देवाची पितळी भांडी चिंचेने घासत होती. त्या आंबट वासाने मी धुळ्याच्या आमच्या अंगणात जाऊन पोहोचलो. लग्नाच्या सकाळी आम्ही बँडची वाद्ये अशीच घासायचो.

त्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची पाठवणी होती. वाजवणारे आम्ही अकरा, समोर बँडमास्तर आमचे वडील, आबा. त्यांनीच अक्काला घरी शिकवले होते : वाजवणाऱ्यांकडे तोंड, आधी श्वास, मग हात. पुण्याला वाद्यवृंद चालवण्याच्या शिक्षणासाठी तिची निवडही झाली होती. पण तेवढ्यात पाचोऱ्याचे स्थळ आले आणि आबांनी होकार दिला.

पाठवणीला आबांनी छडी उचलली, पण इशारा काही देईनात. कोणी सुरुवात करेना. तेव्हा शालूतली अक्का आमच्याकडे वळली, तिने श्वास घेतला आणि मेंदीचा हात उचलला. आम्ही अकराही जण एकदम वाजवू लागलो.

वाजवून झाल्यावर क्लॅरिनेटवाले नाना म्हणाले, "अक्का, स्वतःच्या पाठवणीला तूच मास्तर का गं?" सगळे हसले, मीही हसलो. तिच्या सासूबाई हसतच अहिराणीत म्हणाल्या, "आते हात पदरमा ठेव व माय." तिने लगेच हात पदरात ठेवला. त्यानंतर तो कुठल्याच वाद्यापुढे उचलला गेला नाही.

आता आठवते, शेवटच्या सुरावर तिने हात किती वेळ वर धरला होता. आमचा दम संपत आला, तरी ती तो खाली आणत नव्हती.

त्या दिवशी मग वरपक्षाने बँडमास्तरच्या मानाचा शेला आणि नारळ आबांच्या हातात दिला. अक्का तोवर जीपमध्ये बसली होती.