कापसाच्या खोलीतला पेपर

सलीमसर गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्यावर रागावलेली होते. ऑनलाइन परीक्षेची लिंक सकाळीच पाठवतो म्हणाले होते आणि दुपार कलली तरी पत्ता नव्हता. चांगली खरडपट्टी काढायची म्हणून फोन लावला, तर त्यांच्या मुलानं उचलला. ‘आंटी, अब्बा नहीं रहे...’ एवढंच म्हणाला. त्यावर मी लिंकबद्दलच काहीतरी पुटपुटले. महिना उलटून गेला, पण माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

आर्णीच्या आमच्या कॉलेजात ते कॉमर्स शिकवायचे, मी इतिहास. त्यांच्या वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे यंत्र दिसलं की उघडून पाहायची सरांना खोड. ऑनलाइन परीक्षेचं खूळ त्यांच्याच डोक्यातून निघालं. ‘इथं लाइट टिकत नाही अन् यांना ऑनलाइन हवंय,’ असे टोमणे स्टाफरूममध्ये रोज असत. मीही हात धुऊन घ्यायची. सर हसायचे. ‘मॅडम, बस चुकली का पोरीचं वर्ष जाते. घरी बसून पेपर देल्ला तर काय बिघडते?’

पद्धत अशी, की पेपरभर मोबाइलचा कॅमेरा विद्यार्थ्यावर नजर ठेवी. मान वळली, हात दिसेनासा झाला, की नावापुढे लाल खूण. पहिल्याच परीक्षेत शेवटच्या वर्षाच्या वैशालीच्या नावापुढे अशा खुणांची रांग लागली. परीक्षा समितीचं एकमत झालं... कॉपी! पेपर रद्द करा. पेपर रद्द म्हणजे पदवी हुकणार, आणि घरच्यांनी तिचं लग्न पदवीपर्यंतच थांबवून धरलेलं. सरांचीही पंचाईत होती. त्यांनीच यंत्राला चूक म्हटलं असतं, तर ते गुंडाळायला सगळे टपूनच बसले होते.

सरांनी तिचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मला गाडीवर बसवून तिच्या गावी नेलं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. भाव चढेल या आशेवर लोकांनी घरातच कापूस भरून ठेवला होता. वैशालीच्या घरची पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, आणि मोबाइलला रेंज नेमकी तिथंच. दाराशी कशीबशी मावलेली खुर्ची होती, तिच्यावर सर जाऊन बसले. ‘पेपर होते तेवढा वेळ बसतो. तुम्ही चहा घ्या.’

पण चहा संपायच्या आतच बाहेर आले. मान, दंड लालबुंद. दोन्ही हातांनी खाजवत होते. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यंत्राला कोण सांगणार? वैशालीची आई ओशाळली. ‘सर, तुमी कायले बसले जी तिथं!’

‘बाई, तुमच्या पोरीनं पुरा पेपर देल्ला इथं. मले तर बसनंही जमून नाई राह्यलं.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीपुढे बाह्या वर केल्या. ‘ही कॉपी आहे का, पाहून घ्या. यंत्र मी आणलं, अन् ते चुकलं.’ वैशाली सुटली, पास झाली. यंत्र राहिलं, पण लाल खूण दिसली की आधी माणसानं जाऊन विचारायचं, असं ठरलं. त्या दिवशी मला या माणसाचा फार अभिमान वाटला होता. तोंडावर कधी म्हटलं नाही.

पेपरआधी विद्यार्थ्यानं मोबाइल फिरवून खोली दाखवायची, असा नियम होता. वैशालीच्या प्रकरणानंतर सर खोली कमी आणि घरचे लोकच जास्त पाहू लागले. ‘आजी, तब्येत कशी?’ ‘कापूस विकला का?’ सर परीक्षा घेतात की सोयरीक जमवतात, असं आम्ही चिडवायचो.

गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. खोल्या पाहायचं काम माझ्याकडे आलं. एका मुलीनं मोबाइल फिरवला... भिंत, खाट, दार. दाराशी तिची आई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. हात पिठाचे, भाकरी टाकून आलेली. ‘सलाम सर,’ म्हणाली आणि माझा चेहरा पाहून थबकली. सर आता नाहीत, हे मीच तिला सांगितलं.

ती म्हणाली, ‘आता आमाले कोन पुसन जी?’

पेपरची वेळ होऊन गेली होती. तरी मी विचारलं, ‘ताई, कापूस विकला का?’