आरतीचे बावीस हजार चाळीस

आरतीने फळ्यावर २२०००४० लिहिलं आणि खडू ठेवला. मी तिला बावीस हजार चाळीस लिहायला सांगितलं होतं.

"वाच बरं."

"बावीस हजार, चाळीस."

तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. ऐकलं तसं लिहिलं. आधी २२०००, मग ४०.

मे महिना होता. तिसगावजवळच्या एका वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, पाचवीपर्यंतची. वार्षिक परीक्षेत आरती एकटी गणितात राहिली होती. पाचवीला आता नापास करता येतं. जूनमध्ये एक फेरपरीक्षा मिळते, तीही गेली तर पुन्हा पाचवी. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं आणि सगळे फडावर, म्हणजे जिथे तोड चालू असेल त्या रानात, जाऊन राहतात. शाळा अर्धी बुडते.

तिच्या वडिलांनी मला सरळच सांगितलं होतं. "गुरुजी, पास झाली तर सहावीला तिसगावात घालतो. मावशीपाशी ऱ्हाईल, फडावर नेत न्हाई. पर एकाच वर्गात दोनदा बसवायची म्हनलं तर न्हाई जमायचं. मग येऊ द्या आमच्यासंगं."

मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, "सर, सुट्टीत तिला घ्याल का? नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

मार्चमध्ये माझी पत्नी गेली. त्याच महिन्यात आरती फडावरून परत आली होती. मोठ्या संख्यांचा पाठ तिला वेगळा शिकवायचं माझ्याकडे होतं. तो मी शिकवला की नाही, हे मला खरंच आठवत नव्हतं. मी हो म्हणालो.

अंक ज्या जागेवर बसतो त्यावरून त्याची जी किंमत ठरते, तिला आम्ही स्थानिक किंमत म्हणतो. ४४ मधला उजवा चार म्हणजे चार, डावा म्हणजे चाळीस. हे पहिलीपासून काड्यांनी शिकवतात. सुटी काडी म्हणजे एकक. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे दशक. तीन दिवस मी गठ्ठे मांडत होतो आणि आरती मान हलवत होती. मुलांच्या मान हलवण्यावर विसंबू नये, हे एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी गठ्ठ्यांचे रबर उन्हाने तुटले. काड्या पसरल्या. "बांध पुन्हा," असं म्हणून मी पुस्तक वाचत बसलो. तिने झरझर बांधले. मला एक गठ्ठा जाड वाटला म्हणून मोजला. सतरा काड्या. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात तेरा.

"आरती, हे दशक आहे?"

"व्हय."

"यात काड्या किती?"

"मोळीतला ऊस कोन मोजतं व्हय, सर? डोक्यावर निघंल तेवढी मोळी. आण्णांची मोठी, आईची बारकी." मग तोंडावर हात ठेवून हसली. "तुमी कवा मोळी बांधलीच न्हाई वाटतं!"

मी पुस्तक मिटलं. पाच वर्षं आम्ही तिला सांगत होतो की गठ्ठा म्हणजे दशक. तिच्यासाठी गठ्ठा म्हणजे उचलेल तेवढं. मग शतक म्हणजे जरा जास्त, हजार म्हणजे लईच. ती आळशी नव्हती आणि मंदही नव्हती. आम्ही दिलेल्या वस्तूचा तिला आमच्याहून जास्त अनुभव होता, एवढंच.

"या शाळेतली मोळी वेगळी," मी म्हणालो. "दहाचीच. नऊला बांधायची नाही, अकरावी आत घ्यायची नाही."

"आन् आईनं बांधली तरी?"

"तुझ्या आईने बांधली तरी दहाचीच."

"मुकादम लई कडक हाय म्हनायचा," ती म्हणाली आणि सगळे गठ्ठे सोडून पुन्हा बांधायला बसली.

ओसरीवर खडूने चौकटी आखल्या. उजवीकडून एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लाख, दशलाख. एका चौकटीत नऊच बसणार. दहावा आला की दहांचा मिळून एक, आणि तो डावीकडच्या चौकटीत. आठवडाभरात हे तिच्या हातात बसलं. मग शून्यावर गाडी अडली. बावीस हजार चाळीसमध्ये शतकाची चौकट रिकामी राहते. ती चौकटच पुसून टाकायची आणि २२४० लिहायची.

"अगं, तिथे कोणी नाही म्हणून जागाच काढून टाकायची?" मी विचारलं.

"आमचं घर दिवाळीपास्नं बंदच आसतं," ती म्हणाली. "म्हनून काय गल्लीतनं गेलं व्हय?"

"मग लिही."

तिने २२०४० लिहिलं. त्यानंतर ती शून्याला 'बंद घर' म्हणू लागली. मी बदललं नाही.

जूनमध्ये फेरपरीक्षा झाली. पर्यवेक्षण माझ्याकडेच होतं, त्यामुळे तोंडातून अक्षर काढायची सोय नव्हती. एक प्रश्न होता, छत्तीस लाख दोन हजार नऊ अंकांत लिहा. आरतीने सात चौकटी आखल्या. ३, ६, २ आणि ९ आपापल्या जागी टाकले. उरलेल्या तीन चौकटी तशाच रिकाम्या सोडून ती पुढच्या प्रश्नाला लागली.

मी तिच्या बाकावरून तीनदा गेलो. चौथ्यांदा जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून खिडकीशी उभा राहिलो. पाच मिनिटं उरली असताना तिने पान मागे उलटलं, पेन्सिलने काहीतरी केलं आणि पेपर दिला. मी तो हातात घेऊनच पाहिला. ३६०२००९.

ती पास झाली. फार गुण नाहीत, पण पुरेसे. तिचे वडील दाखला न्यायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मावशीला सांगून ठिवलंय." त्या दिवशी घरी जाऊन मी बऱ्याच महिन्यांनी नीट जेवलो.

शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत दहाच्या गठ्ठ्याला एक ओळ दिली आहे. माझ्या प्रतीत त्या ओळीशेजारी समासात मी लिहून ठेवलं आहे. गठ्ठा आपण बांधून देऊ नये. आधी मुलांना बांधू द्यावा, आणि मग मोजावा.