सतरापैकी सतरा

नरसीच्या शिवारात हळद निघाली की जिवनबाईंचा रुबाब वाढतो. हळद शिजवायचा कुकर त्यांचा, भाव त्यांचा आणि शिव्याही त्यांच्याच. मी त्यांचा ट्रॅक्टर चालवतो, त्यामुळे शिव्यांतला मोठा वाटा माझ्या वाट्याला येतो.

यंदा मात्र बाई अडल्या. कुकरचं झाकण उघडायचं काम त्यांच्या सुनेचं, पुनमचं. मागच्या हंगामात तिचे तळवे चांगलेच भाजले होते. यंदा तिनं साफ सांगितलं, "आत्या, मी कडीला हात लावणार न्हाई." वाफेचा तिच्यासारखा अंदाज आमच्यात कुणालाच नाही. बाईंनी तिला दुखतंय का, असं एका शब्दानं विचारलं नाही. मला म्हणाल्या, "चल हिंगोलीला."

तिथं रामप्रसादच्या दुकानात दोर, ताडपत्री, विळे आणि अक्कल मिळते. अक्कल फुकट असते, म्हणून तो ती भरभरून देतो. त्यानं हातमोज्यांचा एक जोड काढला. वर हातोड्याचं चित्र, खाली आकडे: ४५४४.

"करा बेरीज. सतरा झाले ना? सतरापैकी सतरा. बोर्डात पहिला आलेला माल हाय."

बाईंनी घासाघीस न करता तो घेतला. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुनमनं मोजे घालून कडी धरली आणि ओरडून सोडून दिली. मोज्याला काही झालं नव्हतं. बोटं मात्र लाल झाली होती.

बाई तडक दुकानात. "तुझा पहिला आलेला नापास झाला, रामप्रसाद."

तो तणतणत पाकिटातला कागद वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. हातोड्याखालचा एकेक आकडा वेगळ्या विषयाचा होता: घासणं, कापणं, फाटणं, टोचणं. उष्णतेचे आकडे जाळाच्या चित्राखाली असतात, आणि या मोज्यावर जाळाचं चित्रच नव्हतं.

"म्हंजी ह्यो त्या पेपराला बसलाच न्हाई," बाई म्हणाल्या, "अन् तू बेरजा करून राहिला."

रामप्रसादनं माळा धुंडाळून जाळाच्या चित्राचा जोड काढला. हातोड्याखाली तो जेमतेम पास होता, पण तापलेली वस्तू धरायच्या विषयात त्याला चारपैकी चांगले तीन होते.

शेतात पुनमनं तो उलटसुलट पाहिला. "आत्या, आदी तुमी."

गडी खाली बघू लागले. बाईंना कुणी असं बोललेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी निमूट मोजे चढवले, कडी धरली, झाकण उघडलं आणि तोंडावर वाफ येत असताना तशाच धरून उभ्या राहिल्या. मला त्यांची भीती वाटते, पण त्या वेळी काळजी वाटली. मग मोजे काढून त्यांनी दोन्ही तळवे सुनेपुढे केले.

पुनमनं ते हातात घेऊन नीट पाहिले. नवा डाग एकही नव्हता. भाजल्याचे जुने मात्र मोजता येणार नाहीत इतके होते.

"आना तो जोड इकडं," पुनम म्हणाली. "अन् तुमी बसा जरा."