महामायेचे रोही

महामाया गवईनं मेहकरच्या कॉलेजातून बी.एस्सी. केली आणि घरात जाहीर करून टाकलं, की आता ती मोबाइलवरचे गेम बनवणार. तिचे वडील दयाराम एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्यांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला.

"शिकून सवरून खेळत बसशीन काय?"

"खेळायचं नाई बाबा. लोकाईले खेळवायचं हाये."

दयाराम आल्यागेल्याला "पोरगी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करून राह्यली" असं सांगायचे. महामाया आतून यायची आणि त्यांच्यादेखत म्हणायची, "नाई काका, गेम बनवून राह्यली."

हिवरा आश्रम गावाच्या बाजूला तिच्या आत्याचं, पंचफुलाबाईचं, हरभऱ्याचं वावर होतं. तिथे रोह्यांचे कळप शिरायचे. रोही म्हणजे घोड्याएवढी नीलगाय. बघता बघता उभं पीक आडवं करते. आत्या मचाणावर बसून गोफणीनं त्यांना पळवायची. गेम रोही हाकलण्याचा आणि त्यातली मुख्य बाई हीच, हे महामायेनं पहिल्याच दिवशी ठरवलं. साठीची, लुगडं खोचलेली, तोंडानं फटकळ, वऱ्हाडीच बोलणारी.

पण तिचा पहिला रोही पडद्यावर आला तो सायकल घसरावी तसा. कॉलेजात नुसतं घोकलेलं वेगाचं आणि त्वरणाचं गणित तिनं पुन्हा मुळापासून काढलं. तरी जमेना, तेव्हा ती आत्याच्या मचाणावर जाऊन बसली. रोही आधी थबकतो, कान टवकारतो, मागच्या पायांवर भार घेतो आणि मगच उधळतो. ते पाहिलं, तेव्हा कुठे गणितात काय घालायचं ते तिला उमगलं. चित्रकलेच्या नावानं तर बोंबच होती. रोह्याचे पाय नीट दिसेपर्यंत ती काढत राहिली, खोडत राहिली.

मग तिनं मैत्रिणीला, योगिनीला, गेम खेळायला दिला. योगिनी पहिल्याच वावरात, म्हणजे पहिल्याच टप्प्यात अडकली.

"अवं, बोट गोल फिरव ना! गोफण हाये ते," महामाया करवादली.

"मले कसं समजीन ते? तू काय हरेकाच्या मोबाइलात बसून सांगणार हायेस काय?"

महामायेला राग आला. पण तिसऱ्या दिवशी तिनं सुरुवातीचा सगळा भाग पुसून नव्यानं लिहायला घेतला. त्यानंतर कुणी गेम खेळत असलं, की ती ओठ घट्ट मिटून फक्त त्याच्या बोटांकडे बघत बसायची. एवढं अवघड काम तिला दुसरं कुठलंच वाटलं नाही.

गेमचा नमुना तिनं पुण्याच्या एका कंपनीकडे पाठवला. त्यांनी भेटायला बोलावलं. तिथल्या साहेबांनी रोह्यांचं तोंडभरून कौतुक केलं, नोकरीही देऊ केली आणि मग म्हणाले, "फक्त ही म्हातारी नको. तरुण मुलगी घेऊ. आणि भाषा जरा शुद्ध करू. ही बोली विनोदी पात्राला ठेवता येईल."

इतका वेळ महामाया जपून पुस्तकी मराठी बोलत होती. ती तिनं तिथंच सोडून दिली.

"काऊन? आमी बोललो का तुमाले हासू येते? ही बाई हासवाले नाई बसली मचाणावर. वावर राखून राह्यली. तिचं तोंड बदलून मले नोकरी नाई पायजे."

साहेब म्हणाले, "विचार करा. अशी संधी पुन्हा येत नाही."

"केला विचार," म्हणून ती उठली.

घरी दयाराम भडकले. "आलेली नोकरी लाथाडली? एका बोलीपायी?"

"तुमी घरात जे बोलता, ते जगाले गावठी वाटते म्हणून मी बदलू?"

दयारामांचा राग गेला नाही. आल्यागेल्याला ते पुन्हा बँकेच्या परीक्षेचंच सांगू लागले.

महामायेनं गेम एकटीनं पुरा केला. साध्या फोनवर तो अडकत होता. वाऱ्यावर डुलणाऱ्या ज्वारीचा एक अख्खा भाग तिनं फार जीव लावून केला होता. तोच जड पडत होता. तरी तो तिनं काढून टाकला. आत्याचा आवाज मचाणावरच रेकॉर्ड केला. "हाऽऽड! तुया बापाचं वावर हाये काय बे?" आत्या ओरडली, तर शेजारच्या वावरातला गडी खरंच दचकून पाहू लागला.

गेम बाहेर आला आणि सुरुवातीला कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग खामगावच्या एका कॉलेजातली पोरं तो खेळू लागली, त्यांच्याकडून अकोल्यात गेला, वाशिमला गेला. "भाषा कळत नाही," अशीही तक्रार आली. महामायेनं पडद्यावर खाली प्रमाण मराठीत अर्थ दिला, आवाजाला हात लावला नाही.

नाशिकच्या एका लहान कंपनीला तिचा रोही धावतो कसा, याचंच अप्रूप वाटलं. त्यांनी तिला मेहकरात बसूनच करायचं काम दिलं. तिची पहिली अट होती, की स्वतःचे गेम ती स्वतःच्या मनानं करणार. ती त्यांनी मान्य केली.

पुढे पुण्याच्या साहेबांचाही निरोप आला. पुढचा गेम आमच्यासोबत करा, भाषेचं बसून बोलू.

महामायेनं उत्तर लिहिलं, "बसून बोलू ना. पन वऱ्हाडीतच बोलू."