अण्णांच्या फोनचं नेटवर्क

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर मी परंड्याला आईजवळ राहायला आले. पुण्याच्या एका प्रकाशकाची मुद्रितं तपासायचं काम घरूनच करत होते. आठेक महिन्यांनी एकदा भर दुपारी दोनदा लाईट गेली, आली, आणि माझ्या कंप्युटरला, म्हणजे जुन्या लॅपटॉपला, घरातला राउटर दिसेनासा झाला.

राउटरचे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. मोबाईलवर नेट चालू होतं. मी राउटर बंद करून पुन्हा लावला, कंप्युटरही बंद-चालू केला. आमच्या भिंती जाड, शेजाऱ्यांचं नेट आत पोचत नाही. तरी नेटवर्कच्या यादीत एक नाव आलं : ‘अण्णांचा फोन’. मी बघत असतानाच कंप्युटर त्याला आपोआप जोडला गेला. खाली लिहिलेलं, इंटरनेट नाही.

कंप्युटर हातावर धरून मी घरात फिरले. स्वयंपाकघरात एक रेघ, मधल्या खोलीत दोन, अण्णांच्या खोलीच्या दारात चार.

आई आत गोधडीला टाके घालत बसली होती.

“अण्णांचा फोन कुठंय?”

तिनं खिडकीकडं बोट केलं. फोन पालथा, चार्जरला लावलेला. हाताला चांगलाच गरम लागला.

“तू नेट चालू केलंस याच्यावर?”

“म्या कशाला? मला कुठं येतंय ते. बंद पडू नये म्हणून रोज चार्जिंगला तेवढा लावते.”

मग उलगडलं. मी आले की अण्णा फोनवरून माझ्या कंप्युटरला नेट द्यायचे; शेवटचं चालू केलेलं तसंच राहिलं असणार, आणि आईनं फोन एकदाही बंद पडू दिला नव्हता. राउटर दिसत होता तोवर माझा कंप्युटर इकडं वळलाच नव्हता. जरा हायसं वाटलं.

फोनचं लॉक उघडायचं कसं, आम्हां दोघींना माहीत नव्हतं. पण पडद्यावर एक ओळ होती : दोन उपकरणं जोडलेली.

मी कंप्युटर बंद केला. थोड्या वेळानं ओळ बदलली : एक.

माझा मोबाईल राउटरला होता. आईकडं बटणांचा साधा फोन. या नेटला जोडायचा पासवर्ड अण्णांना आणि मला, दोघांनाच ठाऊक.

“काय झालं गं?” आईनं विचारलं.

“काही नाही.”

“बंद करू नगं. राहू दे तसाच.”

मी फोन होता तसा पालथा ठेवला आणि बाहेर येऊन नेटवाल्याला फोन लावला.

“ताई, मोबाईलला दिसतंय न्हवं? मग राउटर चांगलाय,” तो म्हणाला. “लाईटीच्या झटक्यानं त्याची सेटिंग बदलली असंल. नुसतं फाईव्ह जी, म्हंजी नव्या मशीनींचं नेट, चालू ऱ्हायलं असंल. तुमचा कंप्युटर जुना, त्याला ते दिसत न्हाय.”

तो सांगत गेला तसं मी मोबाईलवरून राउटरची सेटिंग उघडली आणि जुन्या कंप्युटरला चालणारं नेट पुन्हा सुरू केलं. पाचेक मिनिटांत कंप्युटरला राउटर दिसला. पानं संध्याकाळच्या आत पाठवली.

आई अजून रोज फोन चार्जिंगला लावते. कंप्युटरवरची ती यादी मात्र मी त्यानंतर उघडलेली नाही.