गडद निळी स्लीपिंग बॅग

तंबू घ्यायचा ठरला तेव्हा आमच्या घरात कुणीही कधी तंबूत झोपलेलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात एखादी डुलकी काढली असेल तेवढीच. पण एखादी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली की ती पुरी होईपर्यंत मला चैन पडत नाही, आणि त्या डिसेंबरात माझ्या डोक्यात तंबू शिरला होता. फोन मिक्सरला टेकवून मी तंबूंचे व्हिडिओ बघत होते आणि तव्यावर पोळ्या करपत होत्या. नवरा म्हणाला, "आपण हिमालयात चाललोय का?" मी म्हटलं, "निफाडला." तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

निफाडजवळ माझ्या दादाची द्राक्षबाग आहे. नाशिकहून तासाभराच्या आत पोचता येतं, शेजारी त्याचं घर, घरात संडास-बाथरूम, कुत्रा ओळखीचा. पहिल्यांदा तंबूत झोपणाऱ्या माणसांनी यापेक्षा लांब जाऊ नये असं माझं मत होतं आणि आहे.

हे सगळं चाललं होतं ते आमच्या मुलीसाठी. ती नऊ वर्षांची. शाळेने फेब्रुवारीत तिच्या वर्गाचा एका रात्रीचा कॅम्प ठरवला होता. बाकीची मुलं आनंदाने नाचत असताना ही घरी आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "मला नाही आवडत कॅम्प." आवडत नाही असं काही नव्हतं. तिची गादी अजून अधूनमधून ओली व्हायची, थंडीत जरा जास्तच. डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका, आपोआप थांबेल. आपोआप म्हणजे कधी, ते काही त्यांनी सांगितलं नाही. तोवर पोरीने मैत्रिणीकडे राहायला जाणं सोडलं, आत्याकडचा मुक्काम सोडला आणि आता कॅम्पही सोडायला निघाली होती. मला त्या 'आपोआप' शब्दाचा भयंकर राग यायचा.

म्हणून म्हटलं, आधी आपण चौघंच एक रात्र बाहेर काढून बघू. ती, मी, तिचे बाबा आणि माझ्या सासूबाई. तिने खूप वेळ विचार केला आणि एकच अट घातली, "मामाला सांगायचं नाही." आम्ही तिघांनीही शपथ घेतली. सासूबाईंनी तर गळ्याला हात लावून घेतली.

गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो. तिथे आत खरेखुरे तंबू उभे करून ठेवलेले. मला तर जत्रेत आल्यासारखं वाटायला लागलं. कुठे जाऊ आणि कुठे नको! नवरा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात कामाला आहे. त्याचा कुठल्याही लेबलवर विश्वास नसतो, फक्त मोजपट्टीवर असतो. 'चार माणसांसाठी' असं लिहिलेल्या तंबूत त्याने आम्हा सगळ्यांना भर दुकानात आडवं केलं. सासूबाईसुद्धा पर्स पोटावर धरून आडव्या झाल्या. चौघं मावलो, पण काडेपेटीतल्या काड्यांसारखे. एकाने कूस बदलायची तर चौघांनी बदलायची.

"सर, कम्फर्ट पाहिजे असेल तर माणसं चार असली तरी तंबू सहाचा घ्या," विक्रेता मुलगा म्हणाला. "सामानाला पण जागा होते."

सासूबाई उठून बसल्या. "ते राहू दे. मला सांग, यात उभं राहून साडी नेसता येईल का?"

तो गोंधळला. "मॅडम, असं अजून कुणी विचारलं नाही."

"मग विचारायला पाहिजे होतं. सकाळी उठून मी काय बसून निऱ्या घालू?"

त्यानंतर त्या एकेका तंबूत शिरल्या आणि हवेतल्या हवेत साडी नेसून बघायला लागल्या. खोचली, फिरवली, निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर टाकला. पहिल्या तंबूत पदर टाकताना हात छताला लागला. नापास. दुसऱ्यात निऱ्यांना वाकलं की मागे काठी. नापास. तोवर दुकानातली बाकीची गिऱ्हाईकंही बघायला जमली होती आणि आमची पोरगी हसून हसून जमिनीवर बसली होती. तिसरा तंबू पास झाला. उंच, सरळ भिंतींचा, एखाद्या खोलीसारखा. उचलायला जड होता, पण गाडी दारात जाणार होती, डोक्यावरून कोण नेणार होतं! खरं सांगते, घरच्यांसाठी तंबू घेताना याहून चांगली परीक्षा मला आजवर सापडलेली नाही. ज्यात घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला नीट उभं राहता येतं, त्यात कुणाचीच चिडचिड होत नाही.

मग अंथरुणं. हवा भरायची गादी मला फार आवडली होती, पण मी एका टोकाला बसले की नवरा दुसऱ्या टोकाला उडत होता. ती परत ठेवली. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते हे मी व्हिडिओत शिकले होते, म्हणून खाली घालायला जाड फोमच्या चटया घेतल्या. सासूबाईंसाठी दोन्ही बाजूंना हात असलेली घडीची खुर्ची घेतली, कारण त्यांना उठताना धरायला काहीतरी लागतं. पांघरायला मात्र त्या आपली जुन्या साड्यांची गोधडीच घेणार होत्या, त्यावर चर्चा नव्हती.

स्लीपिंग बॅगांपाशी पोरगी एकटीच उभी होती. एक गुलाबी होती, चांदण्यांची, आतून मऊ पांढरी. तिचा हात त्या चांदण्यांवर फिरत होता. तिला ती हवी होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग तिने हात काढून घेतला आणि शेजारची गडद निळी उचलली, आतून-बाहेरून निळी. विक्रेत्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "दादा, ही मशीनमध्ये धुता येते?"

"हो, येते की."

"आणि लवकर सुकते?"

मी पलीकडच्या टॉर्चचे भाव बघायला लागले, काही कारण नसताना.

घरी आल्यावर तंबूची रंगीत तालीम बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये केली. सासूबाईंनी हळद-कुंकू आणलं आणि नव्या गाडीला लावतात तसं तंबूला लावायला निघाल्या. "आई, कोटिंग जाईल!" असं नवरा ओरडेपर्यंत दारावर दोन बोटं उमटली होती. ती अजून आहेत. पाऊस पडला तरी जात नाहीत, म्हणजे कोटिंग चांगलं असावं.

शनिवारी निफाडला पोचलो तेव्हा दादा बांधावर हात कमरेवर ठेवून उभा. "काय गं, घर हाय की एवढं मोठं! गाद्या पडल्यात. वावरात कशाला झोपता? लय हौस बाबा तुम्हाला!"

"हौसच आहे," मी म्हटलं. "तू फक्त सपाट जागा दाखव."

त्याने नव्या बागेजवळची जागा दिली. तिथे लोखंडी अँगल उभे राहिले होते, तारा ओढून झाल्या होत्या, पण वेली अजून गुडघ्याएवढ्याच होत्या. आम्ही दगड वेचले, तंबू उभा केला, खुंट्या ठोकल्या. मग सासूबाई आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "झोपल्यावर पाय दक्षिणेला होतायत." खुंट्या उपटल्या, चौघांनी चार कोपरे धरून तंबू फिरवला, पुन्हा ठोकल्या. दादा बांधावर बसून हसत होता. मला घाम फुटला होता आणि मी इतकी खूश होते की मला त्याचं हसणंही गोड वाटत होतं. आतमध्ये चटया, त्यावर अंथरुणं, छताला टांगलेला दिवा! आपलं स्वतःचं घर आपल्या हातांनी तासाभरात उभं केलंय, हा आनंद मला फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी शेकोटीवर वांगी भाजली, भरीत आणि भाकरी झाली, दादाने शेतातले हिरवे हरभरे आणून जाळात टाकले. पोरगी हात-तोंड काळं करून खात होती, गात होती, मामाच्या पाठीवर चढत होती. फक्त पाणी पीत नव्हती. मी तांब्या पुढे केला की मान हलवायची. दुपारपासून तिने घोटभरही पाणी घेतलं नव्हतं.

ते बघून मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. थंडी वाजली की तिचं जास्त होतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. आणि निफाडची थंडी म्हणजे काही साधी नव्हे. तंबूला वरच्या बाजूने जाळीच्या खिडक्या होत्या. "त्या उघड्याच ठेवा, माहितीपत्रकात लिहिलंय," असं नवऱ्याने दोनदा सांगितलं होतं. पण तो दादाबरोबर शेकोटी विझवायला थांबला तेवढ्यात आम्ही सगळ्या खिडक्यांच्या चेन ओढल्या. जिथे चेन नव्हती तिथे ओढण्या, टॉवेल, माझी शाल कोंबून सासूबाईंच्या साडीच्या पिना लावल्या. वारा शिरायला सुईएवढी जागा ठेवली नाही. आत अगदी ऊब आली. मध्येच तिला उठवून दादाच्या घरात नेऊन आणायचं असं मी ठरवलं होतं, पण अंग टेकलं आणि मला मेल्यासारखी झोप लागली.

जाग आली ती नाकावर थेंब पडला म्हणून. मग कपाळावर पडला. उजाडत होतं. मला वाटलं, पाऊस! चेन खाली ओढून डोकं बाहेर काढलं तर आकाश स्वच्छ. आत वळून पाहिलं तर तंबूच्या छताला पाण्याचे टपोरे थेंब लोंबत होते आणि टपटप खाली पडत होते. आमचे चौघांचे रात्रभराचे श्वास बाहेर जायला वाट न मिळाल्याने वरून परत खाली येत होते.

"कुणी बंद केल्या खिडक्या?" नवरा ओल्या उशीवरून उठत म्हणाला.

तेवढ्यात मला पोरगी दिसली. ती आधीच जागी होती. कोपऱ्यात बसली होती, निळी बॅग गोळा करून छातीशी घट्ट धरलेली, चेहरा पांढरा पडलेला. बाहेरून दादाचा आवाज येत होता, "चहा आणलाय रे!" तिने माझ्याकडे पाहिलं.

"माझी ओली झालीये," ती अगदी हळू म्हणाली.

"तुझी एकटीची का?" सासूबाई गोधडीतून तोंड काढून कडाडल्या. "ही माझी गोधडी बघ, पिळली तर बादली भरेल! आणि तुझ्या बापाची उशी बघ!"

पोरीने गोधडीला हात लावला. बाबांच्या उशीला लावला. माझ्या केसांना लावला. वर छताकडे बघितलं तर एक थेंब तिच्या गालावरच पडला. आणि तिला हसू फुटलं. आधी बारीक, मग पोट धरून. मग आम्ही सगळेच हसत सुटलो.

दादाने दारातून डोकं आत घातलं. "आरं, रात्री पूर आला का काय हितं?"

"मामा," ती मोठ्याने म्हणाली, "आम्ही सगळे ओले झालो!"

चहा पिऊन आम्ही एकेक अंथरूण बाहेर काढलं आणि नव्या बागेच्या तारांवर वाळत टाकलं. गोधडी, माझी आणि नवऱ्याची बॅग, उशांचे अभ्रे, ओढण्या. घरी तिची चादर नेहमी आतल्या बाल्कनीत वाळते, सासूबाईंच्या साड्यांच्या मागे, म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधून दिसू नये. इथे तिने बॅग स्वतः उचलली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि पळत जाऊन सगळ्यात पुढच्या तारेवर टाकली, रस्त्याच्या बाजूला. मग मामाच्या घरी जाऊन तिने दोन पेले पाणी प्यायलं.

ऊन वर आल्यावर मी बाजू बदलायला तारांकडे गेले. गोधडी उलटी केली, बॅगा उलट्या केल्या. निळीपाशी आले. रोज सकाळी तिचं अंथरूण नाकाशी नेऊन बघायची मला सवय आहे. हात आपोआप उचलला गेला, बॅग नाकाजवळ आली, आणि मी थांबले. छताचं पाणी की तिचं, हे आता कुणाला कशाला हवं होतं? मी ती झटकली, उलटी केली आणि उन्हात नीट पसरून ठेवली.

ती ओल्या केसांनी धावत माझ्याजवळ आली आणि बॅगेला हात लावून बघायला लागली.

"आई, शाळेच्या कॅम्पपर्यंत सुकेल ना ही?"

कॅम्प फेब्रुवारीत होता. "सुकेल," मी म्हटलं.